पाहुणा कोण, हे मुलांना ठरवू द्या

ताई, तुमची अडचण अशी आहे: शाळा सुटल्यावरच्या वर्गात सहावी ते आठवीच्या मुलांना निरनिराळ्या कामांची ओळख करून द्यायची आहे. पाहुणे बोलावून झाले, मुलं चुळबुळ करतात. सगळं त्यांच्याच हाती सोपवावं तर गोंधळ होईल अशी धास्ती वाटते. गेली अकरा वर्षं मी याच वयाच्या मुलांबरोबर हे काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गोंधळ होतो. माझ्याकडे तो दोन-तीन आठवडे टिकतो, मग मुलंच एकमेकांना आवरतात.

या वयात करिअर निवडायचं नसतं, हे आधी पालकांना आणि स्वतःलाही सांगा. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलेला सिद्धांत मला फार उपयोगी पडला. त्यांचं म्हणणं, मुलं व्यवसाय निवडण्याच्या आधी कितीतरी व्यवसाय वगळून बसतात. सहा ते आठ वर्षांची असताना ‘हे मुलींचं काम, हे मुलग्यांचं’ म्हणून काही बाद होतात. नऊ ते तेरा या वयात ‘हे हलकं’ किंवा ‘हे आपल्या आवाक्यातलं नाही’ म्हणून आणखी बाद होतात. म्हणजे तुमच्या वर्गात ही चाळणी आत्ता चालू आहे, मुलं ती बोलून दाखवत नाहीत इतकंच. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय आर्थिक संघटनेच्या २०१८ च्या ‘पिसा’ या शालेय पाहणीत पंधरा वर्षांच्या मुलांना ‘तिशीत कोणतं काम करत असाल?’ असं विचारलं होतं. ४१ देशांतल्या ४७ टक्के मुलग्यांची आणि ५३ टक्के मुलींची उत्तरं जेमतेम दहा लोकप्रिय व्यवसायांत मावली. मला हे आकडे वाचून फार वाईट वाटलं होतं.

आता ‘मुलांच्या हाती’ म्हणजे काय? मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत, तिथे मुलं शोभेपुरती असतात. माझं पहिलं वर्ष तिथेच गेलं: पाहुण्यांची यादी माझी, प्रश्न माझे, मुलांनी ते वाचले आणि आभार मानले. सगळ्यात वरच्या पायरीवर सुरुवात मुलं करतात, पण निर्णय मोठ्यांच्या बरोबरीने घेतात. तेव्हा तुम्ही बाजूला व्हायचं नाहीये. पाहुण्यांशी आधी बोलणं, पालकांची परवानगी, कोणतंही मूल अनोळखी माणसाबरोबर एकटं न राहणं, हे तुमच्याकडेच ठेवा. यात तडजोड नको.

बाकीचं मुलांना द्या. मी सुरुवात एखाद्या वस्तूपासून करते. दप्तरातलं पुस्तक घ्या आणि विचारा, हे तुझ्या हातात येईपर्यंत किती जणांचे हात लागले? लेखक, चित्रकार, मुद्रितशोधक, कागद कारखान्यातला कामगार, छपाईयंत्र चालवणारा, बांधणी करणारा, ट्रकचालक... फळा भरतो. मग प्रत्येक गट म्हणतो, आम्हाला याला भेटायचंय.

प्रश्नांवर मात्र भरपूर वेळ घालवा. मुलं जोडीने प्रश्न एकमेकांवर तपासून बघतात. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ येत असेल तर प्रश्न पुन्हा लिहायचा. ‘काम आवडतं का?’ गळतं आणि ‘काल सकाळपासून काय काय केलंत?’ उरतं. लिफ्ट दुरुस्त करणारे एक काका आले होते. सातवीतल्या एका मुलाने विचारलं, “आत कोणी अडकलं असेल तर आधी दुरुस्ती करता की आधी त्यांच्याशी बोलता?” काकांनी हातातला पाना टेबलावर ठेवला. म्हणाले, “आधी बोलतो. आतला माणूस घाबरून दार ओढायला लागला तर जिवावर बेतू शकतं.” नोंदी घेणाऱ्या मुलीने वहीत लिहिलं: ‘या कामात बोलता यायला हवं.’ हे मी कितीही समजावून सांगितलं असतं तरी तिच्यापर्यंत पोचलं नसतं.

कल चाचण्यांबद्दल विचारलंत. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी माणसांच्या आवडी आणि स्वभावाचे सहा प्रकार सांगितले; त्यांवर बेतलेल्या चाचण्या मी शेवटी, गप्पांना विषय म्हणून घेते. सुरुवातीलाच घेतल्या तर बारा वर्षांचं मूल तो शिक्का कायमचा समजतं.

आणि एक करून बघाच. पहिल्याच दिवशी प्रत्येकाला ‘कधीच करणार नाही’ अशी तीन कामं कारणांसह लिहायला सांगा. कागद पाकिटात बंद करून ठेवा आणि सत्राच्या शेवटी ज्याचं त्याला परत द्या. ‘मग ठरलं काय?’ असं पालक विचारतात तेव्हा मी, मुलांची हरकत नसेल तर, हेच कागद पुढे करते. एका मुलीने लिहिलं होतं, ‘नर्स. नको, कारण रक्त.’ वर्गाला एक नर्स भेटून गेल्यानंतर तिने त्याखाली भर घातली: ‘रक्ताची सवय होते असं त्या म्हणाल्या. तरी नको. आता कारण रात्रपाळी.’