पॅड कंट्रोलर (बोटांनी ठोकायचे सोळा रबरी चौकोन) संगणकावरच्या एफएल स्टुडिओ या गाणी करायच्या सॉफ्टवेअरला जोडलाय, पण सगळ्या पॅडवर एकच आवाज येतो. सेटिंग कसं करू? आणि त्यावर ढोलकी वाजवता येईल का?

एकच आवाज वरखाली सुरांत येतोय ना? म्हणजे चॅनल रॅकमध्ये, म्हणजे एफएलमधल्या वाद्यांच्या यादीत, तुम्ही किकचं (ड्रमच्या जाड ठोक्याचं) चॅनल निवडून ठेवलंय. पॅडवरून येणारी नोट एफएल निवडलेल्या चॅनलला देतं, त्यामुळे सोळा पॅड म्हणजे त्या एका किकचे सोळा सूर. एफपीसी, म्हणजे प्रत्येक पॅडला वेगळा आवाज देणारं एफएलमधलंच वाद्य, टाका, ते निवडा, पुन्हा वाजवा. झालं.

पण प्रश्नाच्या शेपटीला तुम्ही ढोलकीचं जे जोडलंत, ते माझं जुनं दुखणं आहे. त्यावरून माझं आणि माझ्या मामांचं गेली सहा वर्षं वाजतंय.

मामा सांगलीकडचे. बावीस वर्षं तमाशाच्या फडात ढोलकी वाजवली. मी पुण्यात नोकरी करतो आणि रात्री घरी गाणी करतो. तुमच्यासारखाच पॅड कंट्रोलर घेतला होता, आकाई कंपनीचं एमपीडी 218. मावसबहिणीच्या शाळेच्या गॅदरिंगला लावणी बसवली होती आणि ढोलकीवाला मिळेना. मी छाती काढून म्हटलं, मी करून देतो. कुठून तरी ढोलकीचे सॅम्पल (रेकॉर्ड केलेले सुटे आवाज) उतरवले, दोन रात्री बसून वाजवलं, सगळं क्वांटाइझ करून, म्हणजे प्रत्येक ठोका संगणकाकडून नेमक्या वेळेवर सरकवून, चौकटीत बसवलं आणि मामा घरी आले तेव्हा मुद्दाम मोठ्या स्पीकरवर लावलं. मामांनी अर्धं ऐकलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, "ह्यो मानूस वाजवतोय, का पिठाची गिरण चालू हाय?"

मी भांडलो. पॅडला बोटाचा जोर कळतो, प्रत्येक फटक्याला 1 ते 127 असा आकडा जातो, ड्रम मशीन बनवणाऱ्या रॉजर लिन यांनी 1988 मध्ये आकाईसाठी एमपीसी 60 हे पॅडचं यंत्र केलं तेव्हापासून जगभर लोक याच चार बाय चार रबरी चौकोनांवर वाजवताहेत, हे सगळं त्यांना ऐकवलं. मामा म्हणाले, "एकशेसत्तावीस ऱ्हाऊ दे. माझ्या करंगळीला किती देतंय त्ये सांग." मामी हसल्या. विषय तिथं संपला, माझ्यापुरता सोडून.

चार महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी ती फाइल उघडली, तर पियानो रोलच्या (वाजवलेल्या नोटा दाखवणाऱ्या खिडकीच्या) खाली व्हेलॉसिटीच्या, म्हणजे फटक्याच्या जोराच्या, सगळ्या रेघा एकाच उंचीच्या. कुंपण असावं तशा. पॅडकडे पाहिलं तर 'फुल लेव्हल' हे बटण चालू होतं. ते चालू असलं की तुम्ही फुंकर मारल्यासारखं बोट लावा नाहीतर मूठ आपटा, जाणार 127च. म्हणजे ज्या 127 पायऱ्यांवरून मी मामांशी भांडत होतो, त्यातली एकच माझ्याकडे होती. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला: बाकी काही करायच्या आधी फुल लेव्हल बंद आहे का बघा. दुसरा सल्ला, ढोलकीला शंभर टक्के क्वांटाइझ करू नका. लावणीचा झोल सोळा समान भागांच्या जाळीवर बसत नाही. बसवलात की गिरणच होते, मामांचं तेवढं खरं. फार वाकडं वाजलं असेल तर समेची मात्रा हातानं सरकवा आणि बाकीचं तसंच सोडा.

आता राहिलेलं सेटिंग पटकन. ऑप्शन्समध्ये मिडी सेटिंग्ज, तिथं इनपुटच्या यादीत पॅड निवडून एनेबल दाबा. ऑडिओ सेटिंग्जमध्ये एफएल स्टुडिओ एएसआयओ हा ड्रायव्हर निवडा आणि बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडायच्या आधी संगणक साठवतो तो तुकडा, 256 सॅम्पलच्या आसपास ठेवा. सेकंदाला 44,100 सॅम्पलच्या दरानं बफरचा उशीर सहा मिलिसेकंदांखाली येतो. यावरून लोक उगाच रात्री जागवतात. स्पीकरपासून दहा फुटांवर बसलात तरी आवाज तुमच्यापर्यंत यायला नऊएक मिलिसेकंद लागतातच. मात्र ब्लूटूथ हेडफोन लावून वाजवत असाल तर तो आधी काढून ठेवा. त्याचा उशीर शंभराच्या वर जातो, आणि माणूस स्वतःच्या हाताला दोष देत बसतो.

नोटांच्या नावांचा एक घोळ आहे. मिडीमध्ये, म्हणजे पॅड आणि संगणक बोलतात त्या भाषेत, प्रत्येक नोटेला आकडा असतो. ड्रमसाठी 36 म्हणजे किक, 38 स्नेअर, 42 बंद हायहॅट (जोडझांज), हे ठरलेलं आहे. पण तीच 36 एफएलमध्ये सी3 दिसते आणि एबलटन या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सी1. व्हिडिओतला माणूस सी1 म्हणतो, तुम्ही एफएलमध्ये सी1 शोधता आणि काहीच वाजत नाही. आकडा धरा, नाव सोडा. एफपीसीमध्ये प्रत्येक पॅडला त्याची नोट शिकवता येते, सोळा वेळा टकटक केलं की काम झालं.

आता ढोलकी. उतरवलेले सॅम्पल टाकून द्या, हे माझं स्पष्ट मत. पुढच्या दिवाळीत मी मामांनाच रेकॉर्ड करायचं ठरवलं. खोलीला गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला, माइक लावला आणि म्हटलं, "मामा, नुसता 'ना' हा बोल आठ वेळा वाजवा, हळू ते जोरात." मामांनी एकदा वाजवला आणि थांबले. म्हणाले, "म्होरं काय हाय?" मी म्हटलं, पुढं काही नाही, एकटाच वाजवायचा. तर म्हणाले, "एकटा 'ना' कसा वाजंल? म्होरलं ठावं असल्याबिगर हात उठतोय व्हय?"

मला वाटलं, मुद्दाम खोडा घालताहेत. जबरदस्तीनं आठ 'ना' घेतले. ऐकले तर सगळे मेलेले, कुणीतरी दारावर टिचकी मारतंय असे. मग म्हटलं, तुम्हाला हवं ते वाजवा. चाळीस मिनिटं वाजवलं. शेजारच्या कुकरची शिट्टी दोनदा त्यात आहे. त्या चालत्या वाजवण्यातून मी एकेक बोल कापून काढला: 'धूम'कडे जाणारा 'ना', समेवर येणारा 'ना', दोन बोलांच्या फटीत नुसतं बोट टेकवल्यासारखा 'ना'. एका बोलाचे चार-पाच नमुने झाले. एफपीसीमध्ये एका पॅडवर असे थर लावता येतात आणि कुठल्या जोराला कुठला वाजायचा तेही ठरवता येतं. तेव्हा कुठं ढोलकी माणसानं वाजवल्यासारखी वाटायला लागली.

पॅडची मांडणी एक, दोन, तीन अशी करू नका. मी उजव्या हाताखाली शाईच्या बाजूचे बोल ठेवलेत आणि डाव्या हाताखाली 'धूम', म्हणजे हात मूळ वाद्यावर जातात तसेच जातात. उघडा आणि दाबलेला 'धूम' एकमेकांचा आवाज तोडतील अशी 'कट'ची जोडी त्यांना लावा, नाहीतर दोन्ही एकमेकांत घुमत राहतात.

मनगटानं चामडं दाबून जो घुमारा वर चढवतात, तो मात्र पॅडवर येत नाही. मी प्रयत्न केला. पॅड दाबून धरलं की दाबाचा वेगळा संदेश जातो, तो सुराला जोडला. मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज आला. शेवटी चढता घुमाराही मामांचाच कापून वेगळ्या पॅडवर टाकला. तो दर वेळी तेवढाच चढतो. मामांच्या ते पहिल्या वेळीच लक्षात आलं.

तर, वाजवता येते का? माझ्या मते येते. 'बटणं दाबणं' म्हणणाऱ्यांनी एकदा सोळा पॅडवर पाच मिनिटं न चुकता लावणीचा ठेका धरून दाखवावा, मग बोलावं. ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवणाऱ्याला हे लोक वादक म्हणतात. त्याच्या हातात काठ्या आहेत आणि माझी बोटं आहेत, एवढाच काय तो फरक. मामांना हे मागच्या मे महिन्यात पुन्हा ऐकवलं, त्यांचेच बोल वाजवून दाखवत. त्यांनी या वेळी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "हां, आता बरं वाजतंय. पन वाजवतोय मीच. तू निस्तं बोट लावतोयस." मग माझ्या हातातून पॅड ओढून घेतलं आणि दोन बोटांनी वाजवून पाहिलं. दोन मिनिटांत ठेका धरला. त्याचा मला अजून राग आहे.

राहिलेलं: हे सगळं विंडोजवरचं आहे. तिथं पॅडची सेटिंग्ज बदलायचं एडिटर उघडं राहिलं तर एफएलला पॅड बहुधा मिळतच नाही, म्हणून आधी ते बंद करा. आणि ढोलकी अजिबात वाजवता येत नसेल, तर वर लिहिलेल्यातलं निम्मं तुमच्या उपयोगाचं नाही. मग एफपीसीपर्यंतचं करा आणि ढोलकीवाला बघा. सांगलीकडे एक आहेत, पण ते सोळा वेळा एकटा 'ना' वाजवणार नाहीत.