नास्तिक माणूस राजकारणात लिबरल असतोच का?

तुम्ही विचारलंय की ओळखीतले बहुतेक नास्तिक लिबरल निघतात, मग देव सुटला की माणूस आपोआप लिबरल होतो का. आपोआप तर नाहीच. देव सोडताना त्याने सोबत आणखी काय काय सोडलं आणि कोणाशी भांडून तो बाहेर पडला, यावर त्याचं राजकारण ठरतं. महाराष्ट्रात याची उदाहरणं इतकी ठसठशीत आहेत की बाहेर जायची फारशी गरज नाही.

1891 चं संमतिवयाचं विधेयक घ्या. मुद्दा एवढाच होता की शरीरसंबंधाला संमतीचं वय 10 वरून 12 करायचं, मुलीचं लग्न झालेलं असलं तरी. आगरकर बाजूने होते. ते अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळणंच शक्य नाही असं मानणारे), मिल आणि स्पेन्सर या इंग्रज विचारवंतांना वाचून घडलेले, 1888 पासून ‘सुधारक’ चालवणारे. त्यांची भिस्त बुद्धीवर आणि मुलीच्या होणाऱ्या हालांवर. रा. गो. भांडारकरही बाजूनेच होते, पण ते प्रार्थना समाजाचे, पक्के ईश्वरवादी. त्यांनी धर्मशास्त्राची वचनं काढून दाखवलं की शास्त्र या सुधारणेच्या आड येत नाही. विरोधात टिळक. परक्या सरकारने आमच्या धर्माचारात हात घालू नये, हे त्यांचं म्हणणं. म्हणजे एक देव न मानणारा आणि एक देवभक्त एकाच बाजूला, आणि त्यांच्यातला फरक फक्त युक्तिवादाचा. त्या काळचं ‘नेमस्त’ राजकारण, ज्याला आज आपण लिबरल म्हणू, ते बऱ्याच अंशी आस्तिकांनीच उभं केलं. रानडे तर रोजच्या प्रार्थनेतले. जोतीराव फुले ब्राह्मणी धर्मावर तुटून पडले, तरी ‘निर्मिक’, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा देव, त्यांनी सोडला नाही. आणि साने गुरुजींनी 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून प्राण पणाला लावून उपोषण केलं, ते विठ्ठलावर श्रद्धा होती म्हणूनच.

आता दुसऱ्या टोकाला सावरकर. गाय हा उपयुक्त पशू आहे, देवता नव्हे, असं त्यांनी लिहिलं. पोथीपेक्षा यंत्र श्रेष्ठ मानलं. आपल्या मृत्यूनंतर विधी नकोत, विद्युतदाहिनीत दहन करा, असं सांगून ठेवलं. त्यांना निरीश्वरवादी म्हणायचं की अज्ञेयवादी, यावर वाद घालता येईल, पण कर्मकांडाला त्यांच्या लेखी जागा नव्हती. आणि 1923 मध्ये ‘हिंदुत्व’ची व्याख्या पितृभू आणि पुण्यभू या दोन निकषांवर बांधणारेही तेच. त्या व्याख्येत ईश्वरावरचा विश्वास ही अट नाहीच, नास्तिकही तीत बसतो. जातीच्या प्रश्नावर ते सुधारक होते (रत्नागिरीचं पतितपावन मंदिर 1931 चं), राष्ट्राच्या प्रश्नावर उदारमतवादी नव्हते. एकाच डोक्यात हे दोन्ही नांदलं, कारण ते दोन वेगळे प्रश्न आहेत.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. ‘लिबरल’ ही एक गोष्ट नाही, निदान तीन आहेत: समाजात कोणाला किती मोकळीक (लग्न, जात, लैंगिकता), बाजारात सरकारने किती लुडबूड करायची, आणि राज्याविरुद्ध एकट्या माणसाचा हक्क किती. नास्तिकपणाचा संबंध यातल्या पहिल्याशी बऱ्यापैकी लागतो, कारण तिथले बहुतेक निर्बंध धर्माच्या नावाने आलेले असतात. दुसऱ्याशी जवळपास शून्य. अमेरिकन लेखिका आयन रँड कट्टर नास्तिक आणि कट्टर बाजारवादी. कम्युनिस्ट तेवढेच नास्तिक आणि नेमके उलटे. तिसऱ्याचं म्हणाल तर अल्बानियाने 1967 मध्ये मशिदी आणि चर्चना टाळं ठोकून स्वतःला नास्तिक राष्ट्र जाहीर केलं. तिथे उदारमतवाद शोधायला गेलात तर हात हलवत परत याल.

‘नास्तिक’ शब्दही तसाच निसरडा. मनुस्मृतीत वेदनिंदक तो नास्तिक. त्या हिशेबाने सृष्टिकर्त्या ईश्वराची गरज नसलेलं, पण वेद प्रमाण मानणारं मीमांसा दर्शन आस्तिक ठरतं. आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा. 2011 च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक नोंदवणारे देशभरात जेमतेम 33 हजार, कारण प्रश्न होता ‘धर्म कोणता?’ देव न मानणाऱ्या घरातही उत्तर ‘हिंदू’ असंच जातं. उलट प्यू या अमेरिकन संशोधन संस्थेच्या 2021 च्या भारतीय पाहणीत ‘देव मानता का?’ असं थेट विचारलं होतं. 97 टक्के हो म्हणाले, पण बौद्धांपैकी सुमारे एक तृतीयांश नाही म्हणाले. भारतातले तीन चतुर्थांशांहून अधिक बौद्ध महाराष्ट्रात आहेत. म्हणजे देशातला ईश्वर नाकारणारा सगळ्यात मोठा ठळक गट बहुधा इथेच, आणि तो धर्म पाळणारा आहे. त्याचा नकार 14 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या 22 प्रतिज्ञांतून आला. पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची. तिथे देव जातिव्यवस्थेसकट सुटला, म्हणून त्या नकारामागे समतेचं राजकारण आलं.

मग नास्तिक म्हणजे लिबरल हा समज आला कुठून? मुख्यतः अमेरिकेतून. तिथे आज दहातले आठ नास्तिक डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकलेले आहेत. पण एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात गाजलेला अज्ञेयवादी वक्ता रॉबर्ट इंगरसोल पक्का रिपब्लिकन होता. मधल्या काळात बदललं ते हे, की 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथल्या कर्मठ ख्रिस्ती संघटना रिपब्लिकन पक्षाशी जोडल्या गेल्या. 1990 च्या दशकात ‘माझा कुठलाच धर्म नाही’ म्हणणारे दुप्पट झाले. हाउट आणि फिशर या समाजशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये मांडलं की या वाढीचं एक मोठं कारण राजकारणच आहे. माणूस आधी उदारमतवादी होता, चर्च उजव्यांचं झालं म्हणून त्याने चर्चचं नाव टाकलं. बाण उलटा फिरला. (त्यातले पुष्कळ जण देव मानतच होते, हेही त्यांनीच नोंदवलंय.)

पूर्व जर्मनीत हेच उलट दिसतं. चाळीस वर्षं कम्युनिस्ट सरकारच धर्मविरोधी असल्याने तिथे धर्म न मानणं हे बंड नव्हतंच, घरची रीत होती. आज तो जगातल्या सर्वांत धर्महीन प्रदेशांपैकी एक, आणि उजव्या एएफडी पक्षाचा बालेकिल्लाही तोच. 2024 मध्ये तिथल्या थुरिंगिया राज्याच्या निवडणुकीत हा पक्ष पहिला आला.

तुमच्या ओळखीतल्यांबद्दल ताडून पाहायचं असेल तर तुलना नीट करा. उघडपणे नास्तिक म्हणवणारा आपल्याकडे बहुधा शहरी, शिकलेला, नोकरीपेशातला असतो. त्याची तुलना गावच्या आजोबांशी केली तर फरक शिक्षणाचा दिसेल आणि श्रेय नास्तिकपणाला जाईल. त्याच्याच वर्गात शिकलेला, तेवढाच पगार घेणारा, पण दर संकष्टीला उपास करणारा माणूस शेजारी ठेवा. दोघांनाही ‘तू लिबरल का?’ असं विचारू नका, सगळेच हो म्हणतात. फाशीची शिक्षा, समलिंगी विवाह, आरक्षण, कांद्याची निर्यातबंदी असं एकेक विचारा. शेवटी, तो ज्या महापुरुषाला मानतो त्याच्यावर झोंबणारी टीका करणाऱ्या पुस्तकावर बंदी हवी का, हे विचारा. कांद्यापर्यंत उत्तरं झटपट येतात. या शेवटच्या प्रश्नाला उपासवाला आणि नास्तिक, दोघेही सारखेच घुटमळताना दिसले तर आश्चर्य मानू नका.