'महानिर्वाण' करायला घेतलेल्या मुलास

प्रिय मुला,
अनेक आशीर्वाद.

हे मरणावरचं नाटक ठरल्याचं कळवलंस आणि लगेच विचारलंस, आजोबा जाऊन वर्षही झालं नाही, आईला हे लागेल का? लागेल. तिला आधी संहिता वाचायला दे. नको म्हणाली तर पुढच्या वर्षी कर. हो म्हणाली तर तिला तालमीला बोलाव. तिनं घरातले तेरा दिवस जवळून पाहिलेत, तुमच्या गटात ते कुणीच पाहिलेले नसतील.

सगळ्यात आधी कीर्तनाचं बघ. सतीश आळेकरांनी १९७४ साली पुण्यात थिएटर अकॅडमीतर्फे हे नाटक आणलं, तेव्हा भाऊराव, म्हणजे नाटकातला मेलेला माणूस, होते चंद्रकांत काळे आणि संगीत आनंद मोडकांचं. मेलेला माणूस उठून स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतो, ही सगळ्या नाटकाची बैठक आहे. म्हणून भाऊराव करणारा मुलगा सुरात गाणारा हवा. बुवांची नक्कल करणारा अजिबात नको. त्याला घेऊन एखाद्या देवळात जा आणि नारदीय कीर्तन पूर्वरंगापासून, म्हणजे सुरुवातीच्या निरूपणापासून, आरतीपर्यंत ऐका. बुवा श्वास कुठे घेतात, झांज कुठे थांबवतात, उत्तररंगात, म्हणजे गोष्टीच्या भागात, आख्यान सुरू करताना आवाज कसा बदलतो, हे त्यानं अंगात मुरवायचं. तो मनापासून गायला की लोक हसतील. तो हसवायला लागला, तर दहा मिनिटांत कंटाळतील.

मग भाऊरावांचा हट्ट. जुनी स्मशानभूमी बंद होतेय, नवी विद्युतदाहिनी आलीय आणि या गृहस्थांना जुन्याच जागी, लाकडांवर जळायचं आहे. तुझी मुलं या जागी खो खो हसतील, हसू दे. पण दिग्दर्शक म्हणून तू भाऊरावांच्या बाजूनं उभा राहा. चाळीत जन्म काढलेल्या माणसाची ही शेवटची इच्छा आहे. ती पुरी होईपर्यंत प्रेत घरात राहतं, कुजायला लागतं, माश्या येतात. आळेकर तेव्हा पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्रात काम करत होते. शरीराचं पुढं काय होतं हे त्या लिखाणात इतकं निर्विकार का येतं, याचं उत्तर मला तिथं सापडतं. भाऊरावांच्या मुलाला, बिचाऱ्या नानाला, बापाचं दुःख करायलाही उसंत मिळत नाही, त्याच्यापुढं विल्हेवाटीचा प्रश्न उभा आहे. नाना करणाऱ्या मुलाला एवढंच सांग: तुला काम उरकायचंय आणि ते उरकत नाहीये.

भाऊरावांच्या बायकोकडे, रमेकडे मात्र सगळ्यात जास्त वेळ दे. हौशी प्रयोगांत बिघडते ती हीच भूमिका. नवरा गेलाय आणि तिच्या मनात चाळकऱ्यांतला 'डावीकडून तिसरा' माणूस भरलाय. नटी डोळे मिचकावायला लागली की संपलं. समोरचे पुरुष शिट्ट्या मारतील आणि बाया खाली बघतील. रमेला इतकी वर्षं कुणी काही विचारलेलं नाही, भाऊरावांनी तर नाहीच. ही ओढ तिला स्वतःलाही अनोळखी आहे, तिला तिची भीती वाटते, आणि ती तशीच, लाज न आणता बोलून दाखवायची. या भूमिकेसाठी तुमच्यातली सगळ्यात समंजस मुलगी निवड.

चाळकऱ्यांना वेगवेगळ्या लकबी वाटू नकोस. एक तोतरा, एक लंगडा, असं केलंस की तो गंमतीचा बाजार होईल. ते एकत्र येतात, एका सुरात हळहळतात, एकत्र पांगतात. त्यासाठी रोज ताल धरून चालण्याचा सराव लागतो आणि तो कंटाळवाणा असतो. चुकवू देऊ नकोस.

नेपथ्यात फार पैसा घालू नका. तिरडी मात्र खरी, बांबूची. ती बांधता येणारं कुणीतरी तुमच्या गल्लीत असेलच, त्यांच्याकडून शिका आणि नटांनीच बांधा. सुतळीच्या गाठी मारताना मुलं आपोआप गप्प होतात, मी पाहिलंय. त्या दिवशीची तालीम चांगली होते.

लेखकाची परवानगी आणि नाटकाच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र यांचं काम आजच सुरू कर. आणि पहिल्या वाचनाची तारीख कळव, मला रमेचं वाचन ऐकायचंय.