चॅट्सवर्थची जमीन आली कुठून, गेली कुठे

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यातला चॅट्सवर्थचा वाडा पाहून तुम्ही विचारलंत, एवढी मालमत्ता एकाच कॅव्हेंडिश घराण्याकडे आली कशी आणि टिकली कशी? लढाया आणि राजाची बक्षिसी असं उत्तर सहसा मिळतं. या घराण्याबाबत मी आधी दोन बायकांची नावं घेईन.

पहिली बेस ऑफ हार्डविक. साध्या जमीनदाराची मुलगी, चार लग्नं, आणि प्रत्येक लग्नागणिक वाढलेलं वजन. दुसरा नवरा सर विल्यम कॅव्हेंडिश हा आठव्या हेन्रीच्या काळात मठांच्या मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी. या दोघांनी 1549 मध्ये चॅट्सवर्थ 600 पौंडांना विकत घेतलं. चौथा नवरा अर्ल (सरदारांतली एक वरची पदवी) ऑफ श्रूजबरी. स्कॉटलंडची राणी मेरी त्याच्याच नजरकैदेत होती. साठी उलटल्यावर बेसने हार्डविक हॉल बांधला आणि मनोऱ्यांवर स्वतःची आद्याक्षरं कोरून घेतली. माझ्या मते घराण्याची खरी संस्थापक तीच.

तिच्या वंशातल्या चौथ्या अर्ल ऑफ डेव्हनशायरने 1688 मध्ये डच राजपुत्र विल्यम ऑफ ऑरेंज याला इंग्लंडमध्ये बोलावण्यात भाग घेतला आणि 1694 मध्ये तो ड्यूक ऑफ डेव्हनशायर झाला; ड्यूक ही अर्लच्याही वरची पदवी. पदवीत नाव डेव्हनशायरचं, मुख्य जहागीर मात्र डर्बीशायरातच राहिली.

दुसरी शार्लट बॉइल, अर्ल ऑफ बर्लिंग्टनची वारसदार मुलगी. 1748 मध्ये तिचं लग्न पुढे चौथा ड्यूक झालेल्या विल्यमशी झालं. 1754 मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी ती गेली. पण तिच्यामुळे लंडनजवळचं चिझिक हाउस, यॉर्कशायरमधलं बोल्टन ॲबी आणि आयर्लंडमधला लिझमोरचा किल्ला कॅव्हेंडिशांकडे आले. नवरा 1756-57 मध्ये पंतप्रधान होता, पण घराण्याला त्या पदापेक्षा हे लग्न कितीतरी अधिक फळलं.

हे सारं एकत्र राहिलं, कारण जहागीर थोरल्या मुलाकडे जायची. आपल्याकडे दोन पिढ्यांत वाटण्या होऊन बांध पडले असते.

सहावा ड्यूक अविवाहित आणि खर्चिक. त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने चॅट्सवर्थच्या काचघरात केळीची एक जात वाढवली, तिला घराण्याचं नाव मिळालं. जळगावची बसराई आणि ग्रँड नैन याच कॅव्हेंडिश गटातल्या!

गळती लागली विसाव्या शतकात. लंडनमधलं डेव्हनशायर हाउस 1920 मध्ये विकलं, चिझिक 1929 मध्ये. 1944 मध्ये थोरला वारस बेल्जियममध्ये लढाईत मारला गेला. मग दहाव्या ड्यूकने 1946 मध्ये बरीच मालमत्ता धाकट्या मुलाच्या, अँड्र्यूच्या नावे केली. वारसा करातून सुटायला त्यानंतर पाच वर्षं जगणं भाग होतं. नोव्हेंबर 1950 मध्ये तो अचानक वारला, मुदत काही महिन्यांनी हुकली, आणि कर लागला 80 टक्के! त्या करापोटी जमिनी विकल्या, चित्रं दिली. बेसचं हार्डविक सरकारकडे आणि तिथून 1959 मध्ये नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे गेलं. बेसने बांधलेलं घर गेलं याची मला फार हळहळ वाटते, पण चॅट्सवर्थ वाचवायचं तर काहीतरी सोडावं लागणारच होतं.

अँड्र्यू आणि त्याची बायको डेबोरा यांनी चॅट्सवर्थ तिकीट, दुकानं आणि शेतमाल यांवर उभं केलं. 1981 मध्ये वाडा आणि बाग एका धर्मादाय न्यासाकडे दीर्घ भाडेपट्ट्याने दिली. तुम्ही काढलेलं तिकीट त्या न्यासाकडेच जातं, आणि कुटुंब तिथे राहतं ते न्यासाला भाडं देऊन.