भावाच्या नावाने जमलेले पैसे कुणाचे?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ लष्करात नायक होता. दोन वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये त्याला वीरमरण आलं. यंदा स्मृतिदिनाला त्याच्या मित्रांनी धावण्याची स्पर्धा ठेवली आणि फ्लेक्सवर भावाचा फोटो, 'सैनिकांच्या कुटुंबांसाठी मदत' हे शब्द आणि क्यूआर कोड छापला. कोड एका मित्राच्या स्वतःच्या खात्याचा आहे. ३,४०,००० रुपये जमले. आता तो म्हणतो, यातून चौकात भावाचा पुतळा उभारू. वहिनीला पुतळा नको आहे. आई म्हणते, ट्रस्ट काढा. देणगीदार ८०जीची (आयकरात वजावट मिळवून देणारी) पावती मागत आहेत. आम्ही काय करावं?
– एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, पैसे मित्राचे नाहीत हे तुम्ही जाणताच. पण ते तुमच्या घराचेही नाहीत. फ्लेक्सवर 'सैनिकांच्या कुटुंबांसाठी' असं लिहून लोकांकडून पैसे घेतले, त्याच क्षणी त्यांचं काम ठरलं. मित्र फक्त सांभाळणारा. त्यातून पुतळा उभारायचा तर प्रत्येक देणगीदाराला विचारावं लागेल. तुम्ही किंवा वहिनी 'हो' म्हणून भागणार नाही. शिवाय चौकातला पुतळा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय उभा राहत नाही, आणि रस्त्यावर किंवा रहदारीच्या जागी नवे पुतळे नकोत असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्येच राज्यांना बजावलं आहे. तेव्हा वहिनींना वाईटपणा घ्यायची गरज नाही. मित्राला कायदा दाखवा.

'पैसे आईच्या खात्यावर घेऊ, मग बघू' असंही कुणी सुचवेल. ते करू नका. नात्याबाहेरच्या लोकांकडून वर्षात एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त रक्कम भेट म्हणून आली, तर ती सगळी करपात्र उत्पन्नात धरली जाऊ शकते. म्हातारपणी आईला आयकराच्या नोटिशीला उत्तर देत बसायला लावायचं का?

आता मित्राकडे वळू. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्याने, संस्था नोंदलेली नसेल तर, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१क प्रमाणे धर्मादाय कार्यालयाला कळवायचं असतं आणि हिशेब ठेवायचा असतो. गणेश मंडळं दर वर्षी याच कलमाखाली परवानगी काढतात. तुमच्या गावातल्या मंडळाच्या खजिनदाराला विचारा, तो अर्ज तोंडपाठ सांगेल. मित्राने हे केलेलं दिसत नाही. मला त्यात लबाडीपेक्षा अजाणतेपणा जास्त दिसतो. ठरलेल्या कामासाठी आलेली रक्कम भलतीकडे वापरली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा होऊ शकतो, पण पोलिसांत जायची घाई नको. भावाचे दोस्त आहेत. त्यांनीच खांदा दिला असेल. आधी साधं पत्र द्या : खात्याचा उतारा, जमा-खर्चाचा तक्ता, स्पर्धेवर झालेल्या खर्चाची बिलं, आणि पंधरा दिवसांची मुदत. पत्रावर तुमच्याबरोबर वहिनींची सही घ्या. मृत माणसाच्या नावावर कुटुंबाची मालकी असते असं कायदा सरळ सांगत नाही, पण लष्कराच्या आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या लेखी वीरपत्नीचा शब्द वजनदार असतो.

ट्रस्टबद्दल माझं मत सांगतो, आईंना आवडणार नाही. काढू नका. नोंदणी जमून जाईल, पण पुढे दर वर्षी हिशेबतपासणी, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (म्हणजे बदलाची माहिती धर्मादाय कार्यालयाला देणं), ८०जीसाठी आयकर खात्याकडे वेगळी नोंदणी. तीन-चार लाखांच्या कामासाठी हा संसार कोण सांभाळणार? पाचव्या वर्षी कपाटात दप्तर आणि टेबलावर नोटीस, असे ट्रस्ट मी कोर्टात बरेच पाहिले आहेत.

त्यापेक्षा पैसे तयार निधीत द्या. इथे एक गल्लत नेहमी होते. 'भारत के वीर' हा निधी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ वगैरेंच्या जवानांसाठी आहे. तुमचा भाऊ लष्करात होता, त्याच्या साथीदारांच्या कुटुंबांसाठी आर्म्ड फोर्सेस बॅटल कॅज्युअल्टीज वेल्फेअर फंड आहे. त्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये 'माँ भारती के सपूत' हे संकेतस्थळ सुरू झालं. (सरकारी कागदावर 'शहीद' हा शब्द सापडणार नाही, 'बॅटल कॅज्युअल्टी', म्हणजे लढाईतली हानी, असंच लिहिलेलं असतं. कागद पाहून मन दुखवून घेऊ नका.) दुसरा मार्ग सशस्त्र सेना ध्वजदिन निधीचा. ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासून पाळला जातो, आणि तुमच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात रक्कम देता येते. मी हाच मार्ग निवडेन, कारण साताऱ्यातल्या त्या कार्यालयात तुम्ही स्वतः जाऊन बसू शकता, विचारू शकता.

पावतीचा गुंता मात्र पूर्ण सुटणार नाही. मित्राच्या खात्यातून एकरकमी भरलं की पावती त्याच्या नावावर निघेल आणि देणगीदारांना वजावट मिळणार नाही. त्यांना तसं स्पष्ट कळवा. मित्राकडूनही लिहून घ्या की या रकमेची वजावट तो स्वतःच्या विवरणपत्रात मागणार नाही. हा मुद्दा कुणाच्या लक्षात येत नाही. पावतीची प्रत आणि देणगीदारांची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. पुढच्या वर्षी ज्यांना वजावट हवी त्यांनी थेट निधीत भरावं, २,००० रुपयांहून जास्त असेल तर रोखीने नव्हे. नवी करप्रणाली घेतलेल्यांना ही वजावट तशीही नाही.

आणि तो फ्लेक्स अजून एसटी स्टँडवर असेल, तर पत्राची वाट पाहू नका. आजच कुणाला तरी पाठवून क्यूआर कोडवर कागद चिकटवा. भावाचा फोटो राहू द्या.