रक्तदाबाची गोळी एकदा सुरू केली की सुटत नाही, हे खरे आहे का? गोळीशिवाय दुसरे कोणते उपाय आहेत?

तुम्ही लिहिले आहे की तुमचे वय ४६ आहे, पंधरा दिवसांच्या अंतराने दवाखान्यात मोजलेला रक्तदाब १५२/९६ आणि १४८/९४ आला, त्रास काहीही नाही, डॉक्टरांनी गोळी सुचवली आहे, पण ती जन्मभर सुटत नाही असे ऐकल्यामुळे तुम्ही थांबला आहात. मी डॉक्टर नसून फार्मासिस्ट आहे आणि गेली अकरा वर्षे स्वतः रक्तदाबाची औषधे घेतो, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हा विषय पाहिलेला आहे.

‘गोळी सुटत नाही’ या वाक्यातला कर्ता चुकलेला आहे, असे मला नेहमी वाटते. सुटत नाही तो आजार. या गोळ्यांची सवय लागत नाही. त्या बंद केल्या की रक्तदाब हळूहळू पूर्वीच्या जागी परततो, एवढेच. तिसऱ्या वर्षी माझे आकडे १२४/७८ च्या आसपास येऊ लागले तेव्हा, या व्यवसायात असूनही, मी कोणाला न विचारता गोळी बंद केली. पाच आठवड्यांनी सहज मोजले तर १५८/१०० आले, आणि मधल्या काळात डोके जड होणे, चक्कर येणे असे एकही लक्षण जाणवले नव्हते. याउलट पुढे मी नऊ किलो वजन कमी केले, तेव्हा डॉक्टरांनी आपणहून एका औषधाची मात्रा निम्मी केली. म्हणजे गोळी कमी होऊ शकते, क्वचित पूर्ण थांबूही शकते, मात्र त्यामागे काही कारण घडलेले असावे लागते.

औषधाचा विचार करण्यापूर्वी आकडा खरा आहे याची खात्री करून घ्या. दवाखान्यात पाऊल टाकताच ज्यांचा रक्तदाब वाढतो असे लोक पुष्कळ असतात. दवाखान्यात ठीक आणि घरी वाढलेला असेही काही असतात, आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तो कोणाच्या लक्षातच येत नाही. दंडाला पट्टा बांधून मोजणारे, पडताळणी झालेले यंत्र घ्यावे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व धूम्रपान टाळावे, लघवीला जाऊन यावे, पाठ टेकून आणि पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, हात टेबलावर अशा रीतीने ठेवावा की दंड हृदयाच्या पातळीवर येईल, आणि मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावे. असे सकाळ-संध्याकाळ सात दिवस करून, पहिल्या दिवसाचे आकडे वगळून, बाकीच्यांची सरासरी काढावी. दवाखान्यातील १४०/९० ही मर्यादा घरच्या सरासरीसाठी १३५/८५ धरली जाते. जाड दंडाला लहान पट्टा बांधल्यास आकडा खोटाच जास्त येतो, आणि एवढ्या एका कारणाने विनाकारण औषध सुरू झालेले लोकही मी पाहिले आहेत.

गोळीशिवायच्या उपायांना कमी लेखण्याचे कारण नाही, पण त्यांचे माप ठाऊक असावे. वजन जास्त असेल तर कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे वरचा आकडा ढोबळमानाने १ मिलिमीटर (रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) उतरतो. मिठाचे प्रमाण दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा, असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात पाकीटबंद पदार्थ, सॉस व पाव यांतले न दिसणारे मीठही धरायचे असते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ या अमेरिकन अभ्यासात भरपूर फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दुग्धजन्य पदार्थ असा आहार आठ आठवडे दिल्यावर, उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी ११ मिलिमीटरने उतरला होता. विशेष म्हणजे त्यात मीठ आणि वजन मुद्दाम बदलू दिले नव्हते. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे आणि मद्य कमी करणे यांचाही उपयोग होतो. रात्री मोठ्याने घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची तपासणी करून घ्या, कारण तो असेल तर रक्तदाब सहजासहजी आटोक्यात येत नाही.

थोडे सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेले मीठ हा उपाय मला दुर्लक्षित वाटतो. चीनच्या ग्रामीण भागात सुमारे २१,००० लोकांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. मात्र मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी, आणि पोटॅशियम वाढवू शकणारी औषधे घेणाऱ्यांनी, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

तुम्ही इतर कोणती औषधे घेता हे प्रश्नात लिहिलेले नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या, बंद नाक मोकळे करणारी सर्दीची औषधे, स्टिरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या आणि मोठ्या प्रमाणात घेतलेला ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतात. वर्षानुवर्षे गुडघ्यासाठी रोज वेदनाशामक घेणारी व्यक्ती रक्तदाबाची तिसरी गोळी मागायला येते, तेव्हा आधी या पहिल्या गोळीची चौकशी करावी लागते.

आता मुख्य औषधांविषयी. पहिला गट ‘प्रिल’ने संपणाऱ्या नावांचा: रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल. ब्राझीलमधील एका विषारी सापाच्या विषाच्या अभ्यासातून या गटाचा शोध लागला आणि १९८१ साली कॅप्टोप्रिल अमेरिकेत मान्य झाले. यांनी काहींना कोरडा, चिवट खोकला होतो. महिनोन्‌महिने खोकल्याची औषधे पिऊन दमल्यावर कारण हातातल्याच गोळीत निघते. अशा वेळी त्यांना दुसऱ्या गटातील, ‘सार्टन’ने संपणारे टेल्मिसार्टन किंवा लोसार्टन दिले जाते, कारण ते रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या त्याच यंत्रणेवर, पण पुढच्या टप्प्यावर, काम करते. हे दोन गट एकत्र घ्यायचे नसतात, गरोदरपणात दोन्ही वर्ज्य आहेत, आणि सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) व पोटॅशियम तपासावे लागते. तिसरा गट अ‍ॅम्लोडिपिनसारख्या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधांचा. त्याने घोट्यांवर सूज येऊ शकते. ती शरीरात पाणी साठल्याने आलेली नसल्यामुळे लघवी वाढवणाऱ्या गोळीने फारशी उतरत नाही, मात्रा कमी केल्याने किंवा प्रिल किंवा सार्टन यांपैकी एकाची जोड दिल्याने उतरते. चौथा गट क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड या लघवीवाटे मीठ बाहेर काढणाऱ्या गोळ्यांचा. त्या जुन्या म्हणून कमी प्रतीच्या, असा समज आहे. पण २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३,००० हून अधिक लोकांच्या ‘ऑलहॅट’ अभ्यासात क्लोरथॅलिडोन नव्या औषधांच्या तुलनेत कुठेही मागे पडले नाही. सोडियम-पोटॅशियमवर मात्र लक्ष ठेवावे लागते आणि गाउट (युरिक आम्ल वाढून होणारी सांधेदुखी) असणाऱ्यांना त्या जपून देतात. हृदयाची गती मंदावणारे बीटा ब्लॉकर हे आता छातीत दुखणे, हृदयविकाराचा झटका, हृदयाची अनियमित गती अशी वेगळी कारणे असतील तेव्हाच प्रामुख्याने वापरतात, आणि ते एकाएकी बंद करणे धोक्याचे असते.

डॉक्टरांनी सुरुवातीलाच दोन औषधे एकत्र असलेली गोळी लिहिली तर घाबरून जाऊ नका. २००९ साली ४२ चाचण्यांची एकत्रित तपासणी झाली, तेव्हा एका औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटाचे औषध जोडल्याने मिळणारी जादा घट सुमारे पाचपट असल्याचे दिसले. दुष्परिणाम बहुधा मात्रेबरोबर वाढतात, म्हणून दोन औषधे थोडी थोडी घेणे हे पुष्कळदा एकच औषध जास्त घेण्यापेक्षा सौम्य ठरते. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, हा वादही आता फारसा उरलेला नाही. २१,००० हून अधिक लोकांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात हृदयविकार व पक्षाघाताच्या बाबतीत फरक आढळला नाही, तेव्हा जी वेळ चुकणार नाही ती निवडावी.

मूत्रपिंडाच्या धमनीभोवतीच्या नसा निकामी करण्याची शस्त्रक्रिया जाहिरातींत दिसते. तिला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली असली तरी तिने होणारी घट माफक असते आणि ती तुमच्यासाठी नाही. लघवी वाढवणारी एक धरून तीन औषधे नियमित घेऊनही आकडा उतरत नसेल, तर आधी अल्डोस्टेरोनसारख्या (शरीरात मीठ धरून ठेवणाऱ्या) संप्रेरकांची तपासणी करतात आणि त्याचा परिणाम रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन जोडतात.

तुमच्यापुरते सांगायचे तर सात दिवसांची नोंद घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लघवीतील अल्ब्युमिन हे प्रथिन, रक्तातील क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर, कोलेस्टेरॉल व ईसीजी करून घ्या. हे सारे निर्दोष असेल तर तुमच्या आकड्यांच्या पातळीवर तीन ते सहा महिने आहार-व्यायामाला देण्यास काही तज्ज्ञ तयार होतात. २०२४ ची युरोपीय मार्गदर्शक तत्त्वे मात्र १४०/९० पक्के ठरल्यावर दोन्ही उपाय लगेच सुरू करण्याच्या बाजूची आहेत. मधुमेह, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार निघाला तर थांबण्यास जागाच राहत नाही. मी तुमच्या जागी असतो तर गोळी सुरू केली असती आणि वजनाचे काम तिच्या आडोशाने निवांतपणे केले असते. यंत्रावर कधी १८०/१२० किंवा त्याहून जास्त दिसले तर जादा गोळी गिळू नका, पाच मिनिटे शांत बसून पुन्हा मोजा. आकडा तसाच राहिला आणि लक्षण काही नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, पण छातीत दुखणे, दम लागणे, बोलणे अडखळणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा दृष्टी अंधुक होणे यांपैकी काहीही सोबत असेल तर दुसऱ्या मोजणीची वाट न पाहता सरळ रुग्णालय गाठा.