पार्व्हो व्हायरसने कुत्र्याचं पिल्लू गेलं, आता घर कसं साफ करू आणि दुसरं कधी आणू?

फार वाईट वाटलं वाचून. आमचंही असंच गेलं, शेवटी घोटभर पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं त्याच्या. नुसत्या फिनेलवर विसंबू नका, पार्व्हो त्याने मरत नाही. आधी शी-उलटी पुसून फरशी साबणाने घासा, घाणीवर ब्लीचचा उपयोग होत नाही, मग ३० भाग पाण्यात १ भाग साधं घरगुती ब्लीच (द्रव, पावडर नव्हे) घालून फरशी, भांडी, पिंजरा १० मिनिटं ओलं राहू द्या, खिडक्या उघड्या ठेवा आणि त्यात ॲसिड अजिबात मिसळू नका. गादी फेकूनच द्या. अंगणातल्या मातीत मात्र हा व्हायरस वर्षभरही टिकू शकतो, चपलेला लागून घरात येतो, म्हणून दुसरं आणलंत तर १६ आठवड्यांपर्यंतच्या सगळ्या लसी झालेलंच आणा.